आठवडाभराची फोटोग्राफी कार्यशाळा : निघण्याआधी तुम्ही काय केलंत? (अनुभव धागा)

इंद्रगोप

जुलैत आंबोलीला आठवडाभराच्या मॅक्रो (बारीक जिवांचे अगदी जवळून फोटो) कार्यशाळेला नाव घातलंय. फी भरून झाली, रजा मंजूर झाली, सासूबाई "जा गं, जिवाची आंबोली कर" म्हणाल्या. आणि आता पोटात गोळा आलाय.

आयोजकांनी सामानाची यादी पाठवली आहे. यूट्यूबवर लोकांच्या कॅमेरा बॅगाही उघडून पाहिल्या. त्यातून एवढंच कळलं की जगात माझ्यापेक्षा खूप जास्त लेन्सेस असलेली माणसं आहेत. मला हवंय ते वेगळं. जंगल, वारी, बर्फ, कुठेही असो, घर सोडून अशा कार्यशाळेला गेला असाल तर आधी केलेल्या कोणत्या गोष्टीचा तिथे खरंच उपयोग झाला? काय उगीच वाहून नेलं? घरच्यांची सोय कशी लावली?

माझ्याकडे मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी, ९० मिमीची मॅक्रो लेन्स आणि एक साधा फ्लॅश आहे. नवीन काही घ्यायला सुचवू नका, घरचे मलाच बाहेर काढतील.

चिखलपाय

आंबोलीला दर पावसाळ्यात जातो, कधी शिकायला, कधी शिकवणाऱ्यांच्या पिशव्या उचलायला. कोल्हापूरहून सावंतवाडीची एसटी धरली की आजऱ्यावरून थेट दारात.

आधी पाऊस समजून घ्या. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि बराचसा जून ते ऑगस्टमध्येच. ढगच रस्त्यावर उतरलेला असतो. रेनकोटमध्ये बाहेरून नाही तर आतून, घामाने भिजता. म्हणून छत्री न्या. हसू नका. मोठी, काळी, लाकडी दांड्याची. रात्री जोडीदाराने ती तुमच्यावर धरली की कॅमेऱ्याच्या कुठल्याही महागड्या कव्हरची गरज उरत नाही. जीन्स घरी ठेवा, आठवडाभर वाळणार नाही. पातळ नायलॉनच्या पँटी आणि बुटांत कोंबायला रद्दीचा गठ्ठा घ्या. रद्दी तिथे सोन्याच्या भावाची.

जळवांची भीती बाळगू नका, पण तयारी ठेवा. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स मिळतात. तंबाखूचं पाणी मोज्यांवर फिरवायची गावठी रीत आहे, पण सर आली की ते धुऊन जातं. चिकटली तर नखाने कडेने सरकवून काढा, मीठ टाकू नका.

जळवांपेक्षा चापडा या विषारी सापाची काळजी करा. मलबार चापडा कंबरेच्या उंचीच्या फांदीवर तासन् तास निवांत बसलेला असतो. कधी हिरवा, कधी तपकिरी, कधी पिवळसर. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी बनवलेलं आहे; चापड्यासाठी त्याच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून हात टेकण्याआधी, बूड टेकवण्याआधी, बॅग ठेवण्याआधी तिथे टॉर्च मारायची. ही सवय जंगलात गेल्यावर लागत नाही, आजपासून बाल्कनीत लावा.

आणि मुख्य तयारी तीच, बाल्कनीतली. रात्री घरातले दिवे घालवा, डोक्याला हेडलॅम्प बांधा आणि तुळशीच्या मंजिरीवर बसलेली मुंगी टिपा. कॅमेऱ्यावर शटर १/२००, अ‍ॅपर्चर एफ/११, आयएसओ २००, फ्लॅश मॅन्युअलवर. फोकसची रिंग हलवायची नाही, आपणच पुढेमागे डोलायचं. एकास एक आकाराला (म्हणजे मुंगी सेन्सरवर आहे तेवढीच उमटते तेव्हा) एफ/११ वरसुद्धा जेमतेम मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर भाग धारदार येतो, त्यामुळे श्वास घेतला तरी मुंगीचा डोळा जातो. सगळी बटणं न बघता हाताला सापडली पाहिजेत. फ्लॅशला डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) विकत नको. टीव्हीच्या खोक्यात येतं ते पांढरं पातळ फोम अर्धगोल वाकवून रबरबँडने बसवा. बेडकाची कातडी ओली असते. नुसता फ्लॅश मारलात तर तिच्यावर पांढरे डाग पडतात, फोमने ते मऊ होतात.

परत आल्यावर कॅमेरा कपाटात टाकू नका, लेन्सला बुरशी धरते. झाकण घट्ट बसणारा डबा आणि त्यात सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतायचे, पुन्हा निळे होतात. (तो तवा पोळ्यांना वापरायचा नाही, हे आमच्याकडे स्वतंत्रपणे सांगावं लागलं.)

तेंदूपान

मी नागपूरचा, म्हणून ताडोब्याचं सांगतो. आमची कार्यशाळा मे महिन्यातली. चंद्रपूरला तेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर असतो, पण पाणवठ्यावर वाघ बसतो तोही तेव्हाच.

तिथे ट्रायपॉडचं काहीच काम नाही. सफारीच्या जिप्सी गाडीत तो उभा करायला जागा नसते. लेन्स टेकवायला बीनबॅग (दाण्यांनी भरायची उशी) लागते आणि ती रिकामी न्यायची. ताडोब्याच्या गेटजवळच्या मोहर्लीत उतरलो की किराणा दुकानातून तांदूळ घेऊन भरायची आणि निघताना ते तांदूळ लॉजच्या स्वयंपाकघरात देऊन टाकायचे. इतकं साधं आहे, तरी मुंबईहून येणारे लोक पाच किलोची भरलेली उशी रेल्वेतून आणतात.

धूळ म्हणजे भाजणीच्या पिठासारखी. जिप्सीत लेन्स बदलायची नाही, म्हणजे नाही. एकच लांब झूम, १००-४०० किंवा १५०-६०० मिमीची, आणि वरून ओला पंचा. गाभा क्षेत्रात मोबाइल न्यायला बंदी आहे, म्हणून मनगटी घड्याळ घाला. बुकिंगला दिलेलं ओळखपत्रच मूळ स्वरूपात सोबत हवं, नाही तर गेटवरून परत. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असतं, त्यामुळे आठवड्याच्या कार्यशाळेत तो दिवस संगणकावर फोटो निवडण्यात जातो. ज्यांनी आधी घरी सॉफ्टवेअर उघडून पाहिलं होतं ते त्या दिवशी शिकले. बाकीच्यांचा दिवस पासवर्ड आठवण्यात गेला.

निवृत्त मास्तर

वय त्रेसष्ट. माझी तयारी कॅमेऱ्याची नव्हती, गुडघ्यांची होती. मॅक्रोवाले जमिनीवर लोळतात. लोळणं जमतं हो, उठणं जमत नाही. महिनाभर रोज सकाळी सतरंजीवर पालथं पडायचं आणि कशालाही न धरता उठायचं, असा नेम केला. सौ. दारात उभ्या राहून बघायच्या. बागकामाला वापरतात तो गुडघ्याखालचा फोमचा तुकडा जरूर न्या, हलका असतो. रक्तदाबाच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवाव्यात, आणि मोतीबिंदू झालेला असेल तर कॅमेऱ्याचं डायॉप्टरचं चाक (डोळा लावायच्या खिडकीचा नंबर जुळवणारं) घरीच नीट लावून घ्यावं. बरेच जण डोळ्यांना दोष देतात आणि ते चाक मात्र कधी फिरवलेलं नसतं.

भरली वांगी

घराबद्दल कुणीच बोलत नाहीये, म्हणून मी बोलते.

जाण्याच्या आधीच्या रविवारी मी रंगीत तालीम घेतली. सकाळी घर नवऱ्याच्या ताब्यात दिलं आणि कॅमेरा घेऊन गच्चीवर जाऊन बसले. "हिंग कुठे आहे?" असा फोन आला. उचलला नाही. "कुकरला किती शिट्ट्या?" उचलला नाही. दुपारी खाली आले तर वरणभात तयार होता, फक्त फोडणीत हिंग नव्हता. जीव भांड्यात पडला. आधी मी वाटणाचे गोळे करून फ्रीजर भरायच्या बेतात होते, ते रद्द केलं. त्यापेक्षा सासऱ्यांच्या गोळ्यांचा खणाखणांचा डबा भरला, फ्रीजवर दूधवाला, पोळ्यांच्या ताई, शाळेच्या बसचे काका आणि शेजारच्या काकूंचे नंबर ठळक अक्षरात चिकटवले, गॅसचा जादा सिलिंडर आहे ना ते बघितलं. मुलाला स्पष्ट सांगितलं की आई संध्याकाळी सात ते साडेसात फोनवर असेल, त्याआधी गणितातलं विचारायचं ते बाबांना. बाबांचा चेहरा पाहण्यासारखा होता, तो फोटो मात्र माझ्याकडे आहे.

पाळीची तारीख त्याच आठवड्यात येणार होती. पावसात, जंगलात, पॅड बदलायला जागा नाही. दोन महिने आधीपासून मेन्स्ट्रुअल कप वापरायची सवय केली. नवी वस्तू थेट जंगलात वापरून बघायची नसते. आयोजकांना फोन करून रात्रीच्या फेरीत स्वच्छतागृह किती लांब असेल हे सरळ विचारलं. उत्तर देताना ते गृहस्थ जरा चाचरले, पण पुढच्या वेळेपासून त्यांच्या माहितीपत्रकात ती ओळ आली.

थंडोबा

स्पितीतल्या किब्बरला हिमबिबट्यासाठी गेलो होतो, फेब्रुवारीत. चार हजार मीटरच्या वर. मनालीकडची वाट बर्फाने बंद असते, म्हणून सिमला, किन्नौर करत वर चढायचं. हे बरंच असतं, कारण शरीर हळूहळू उंचीला सरावतं. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायचं की नाही हे आपल्या डॉक्टरला विचारा, ग्रुपवरच्या काकांना नको.

थंडीत बॅटऱ्या बघता बघता मान टाकतात. जादाच्या बॅटऱ्या बनियनच्या आतल्या खिशात, अंगाला लागून. संपलेली वाटणारी बॅटरी ऊब मिळाली की पुन्हा थोडी चालते. आणि बाहेरून बुखारीच्या (शेगडीने तापवलेल्या) खोलीत शिरताना कॅमेरा आधी हवाबंद पिशवीत घालायचा. दव मग पिशवीवर धरतं, काचेवर नाही. पिशवी तास-दोन तास उघडायची नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

विमानाने जाणाऱ्यांनी जादाच्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवाव्यात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. हातातल्या बॅगेला बहुतेक ठिकाणी सात किलोची मर्यादा. मी जड लेन्स जाकिटाच्या खिशात घालून फिरतो. दिसतो विचित्र, पण कुणी जाकीट वजनाला लावत नाही.

टाळमृदंग

वारीवरच्या कार्यशाळेत पुणे ते लोणंद चाललो. दिवे घाट चढताना बॅगेतल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशोब पाय मागतात. एक बॉडी आणि ३५ मिमीची एक लेन्स एवढंच नेलं होतं, आणि त्यामुळेच माणसांच्या जवळ जावं लागलं. लांबून टिपायची सोयच नव्हती. नीरेत पादुकांना स्नान घालतात तिथे रेटारेटी इतकी की हात वर उचलायला जागा नसते. स्ट्रॅप आखूड करून ठेवा. चार्जिंगला शाळेच्या व्हरांड्यात एकच प्लग आणि भोवती पन्नास मोबाइल, म्हणून चार सॉकेटची एक्स्टेंशन वायर न्या. ती काढली की तुम्ही गावाचे लाडके. नवे बूट घालून वारीला जाणाऱ्याला मी काही सांगणार नाही, वाखरीच सांगेल.

न्यू जर्सीकर

आम्ही अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या अकेडिया नॅशनल पार्कला गेलो, ऑक्टोबरात, पानगळीच्या रंगांसाठी. तिथली तयारी म्हणजे वेळापत्रकं. कॅडिलॅक माउंटनवर सूर्योदयाला गाडी न्यायची तर २०२१ पासून आगाऊ आरक्षण लागतं. बार हार्बरहून बार आयलंडला जायची वाळूची वाट ओहोटीच्या आगेमागे साधारण दीड-दीड तासच उघडी असते, नंतर ती पाण्याखाली. भरतीचे तक्ते छापून नेले होते. कोकणातल्या आजोबांनी तिथी बघून सांगितलं असतं, मला कागद लागला. सोबत मेतकूट आणि भाजलेले पोहे होते. पहाटे चारला तिथे काही उघडं नसतं, आणि तिसऱ्या दिवसापासून आख्खा गट माझ्या डब्याकडे बघत होता.

फिरस्ती

फी भरण्याआधीचं कुणी लिहिलं नाही. एका कार्यशाळेत एका शिक्षकामागे आम्ही बावीस जण होतो. एका बेडकाभोवती बावीस फ्लॅश. त्यानंतर मी नेहमी हे विचारते: एका मार्गदर्शकामागे किती जण? रोज फोटोंवर चर्चा होणार की शेवटच्या दिवशी उरकणार? खोलीत किती जण? पाऊस किंवा दरड यामुळे रद्द झाली तर पैसे कधी आणि किती परत? आणि प्राण्याला हात लावून, फांदी कापून, बेडूक उचलून "चांगल्या" पानावर ठेवून फोटो काढतात का? शेवटच्या प्रश्नाला जो हसतो त्याच्याकडे जात नाही.

चिखलपाय

फिरस्ती, अगदी. आंबोली टोड हा इथला छोटा बेडूक शास्त्राला माहीत होऊन फार वर्षं झालेली नाहीत, २००९ मध्ये त्याचं वर्णन झालं. कातळावरचा एवढासा जीव, बुटाखाली सहज येतो. आणि उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं पाण्यावर झुकलेल्या पानांत असतं. पिल्लं खाली पाण्यात पडावीत म्हणून ते तिथे असतं. फोटोसाठी ती फांदी बाजूला बांधली की पिल्लं चिखलात.

जमाखर्च

एकच भर. रोज रात्री जेवणाआधी कॅमेऱ्याचं कार्ड दोन ठिकाणी उतरवायचं, लॅपटॉपवर आणि बाहेरच्या ड्राइव्हवर. दोन्हीकडचे फोटो उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट नाही. जेवणानंतर करू म्हणणारा माणूस झोपतो. लॅपटॉप आणि ड्राइव्ह एकाच बॅगेत ठेवू नका.

इंद्रगोप

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दिवे घालवून तुळशीवरची मुंगी टिपायला बसले. मुंगी मिळाली नाही, सासूबाई मात्र हेडलॅम्प बघून दचकल्या. भरली वांगी, या रविवारी तालीम ठरली आहे, नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. छत्री आजोबांची सापडली. फोम शेजाऱ्यांच्या नव्या टीव्हीतून मागून आणला.

आता फक्त गमबूट राहिले. ठाण्यात जिथे विचारावं तिथे सात नंबरपासून पुढे. बायकांच्या चार नंबरचे कुठे मिळतील?

चिखलपाय

बुटांच्या दुकानात विचारू नका. शेतीची अवजारं, फवारणीचे पंप विकतात ना, तिथे. भातलावणीच्या दिवसांत लहान नंबर ठेवतात. एक नंबर मोठा घ्या, आत दोन मोजे येतात.