बोक्याचा एक डोळा चिकटतोय, पिवळी चिपडं येतायत. घरातले ड्रॉप चालतील का? (सोलापूर)

पूर्वभाग_सोलापूर:
८ महिन्यांचा बोका आहे, वजन साधारण ३ किलो, लस दिलेली नाही. दोन दिवसांपासून डावा डोळा अर्धवट मिटून बसतो. आधी नुसतं पाणी यायचं, आता पिवळी चिपडं येतात आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. आतली कातडी लाल आणि सुजलेली दिसते. अधूनमधून शिंकतो, खाणं थोडं कमी झालंय. घराला लागूनच यंत्रमाग आहेत, सुताची तूस सगळीकडे उडते. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिलेले ड्रॉप अर्धे शिल्लक आहेत, ते टाकू का? शेजारचे गुलाबपाणी टाका म्हणतात. घरात अजून एक मांजर आहे.

माऊमित्र:
ती बाटली बाजूला ठेवा, अजिबात टाकू नका. मोतीबिंदूनंतरच्या ड्रॉपमध्ये बहुतेक वेळा ॲंटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं एकही नाव असेल तर ते स्टेरॉइडच. बुबुळावर जखम असताना ते गेलं तर जखम भरायची थांबते आणि खोल जाते. डोळ्यात फूल पडण्यापासून बुबुळ फुटण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. शिवाय मांजरांमध्ये डोळे येण्यामागे हर्पिस व्हायरस फार वेळा असतो, आणि स्टेरॉइडने तो जास्तच चेव धरतो. फसवणूक अशी की पहिल्या दिवशी लाली उतरते, माणसाला वाटतं गुण आला. किटोरोलॅक, डायक्लोफेनॅकचे वेदनाशामक ड्रॉपही नकोत, त्यांनीही जखम भरायला उशीर होतो.

डॉक्टरकडे गेल्यावर फ्लोरेसीन टेस्ट करा असं स्वतःहून सांगा. नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावतात, जादा रंग धुऊन निळ्या प्रकाशात बघतात. जखम असेल तिथे हिरवा डाग दिसतो. काम पाच मिनिटांचं, पण पुढचं सगळं औषध त्यावर ठरतं.

तिसऱ्या पापणीच्या (मांजराच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असते तो पडदा) मागेही बघायला सांगा. एकाच डोळ्याला अचानक त्रास असेल तर कुसळ किंवा धाग्याचा तुकडा तिथे अडकलेला असू शकतो, आणि तो निघाल्याशिवाय कुठलाही ड्रॉप लागू पडत नाही. चिमट्याने घरी काढायला जाऊ नका.

डोळा निळसर-पांढरा दिसला, दोन्ही बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या, किंवा डोळा उघडतच नसेल, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी दाखवा.

रेशीमगाठ:
तोवर घरी फक्त सफाई. मेडिकलमध्ये ०.९ टक्के नॉर्मल सलाइनची १०० मिलीची बाटली मिळते. नाहीच मिळाली तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ घाला, म्हणजे साधारण ४.५ ग्रॅम. त्याच दिवशी वापरा, उरलेलं फेका. गुलाबपाणी, दूध, मध, चहाचं पाणी, हळद यांतलं काहीही नको.

कापूस वापरू नका, तंतू डोळ्यात राहतात. गॉझची घडी भिजवून मिटलेल्या डोळ्यावर एक-दोन मिनिटं ठेवा. चिपडं मऊ झाली की नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेर पुसा. सुकी चिपडं ओढून काढली की पापणीची कातडी सोलते. आधी चांगला डोळा, मग खराब, दोन्हींना वेगळी गॉझ. दिवसातून तीन-चार वेळा पुरे.

ड्रॉप मिळाले की ते टाकायची पद्धत नीट बसवा, बहुतेकांचं तिथेच बिनसतं. बोक्याला टॉवेलमध्ये मानेपर्यंत गुंडाळा, पाठ तुमच्याकडे. एका हाताने हनुवटी वर करा. बाटलीचा हात मागून आणून त्याच्या कपाळावर टेकवा आणि त्याच हाताच्या कडेने वरची पापणी किंचित मागे ओढा. समोरून बाटली आणली की तो मान फिरवणारच. टोक डोळ्याला लागू द्यायचं नाही. एकच थेंब, दुसरा नुसता गालावर ओघळतो. दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये ५ मिनिटं थांबा. मलम सगळ्यात शेवटी, तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत. पंजाने चोळत असेल तर गळ्यात भोंग्यासारखी कॉलर घाला, म्हणजे पंजा डोळ्यापर्यंत पोचत नाही. नखाने झालेली जखम मूळ आजारापेक्षा वाईट ठरते.

पूर्वभाग_सोलापूर:
आज दाखवलं. टेस्टमध्ये जखम नाही, आत कुसळही नाही. क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संशय आहे म्हणाले. डोळ्यात मलम आणि तोंडाने डॉक्सीसायक्लिन हे ॲंटिबायोटिक ४ आठवडे. डोळ्यासाठी पोटातून औषध, तेही एवढे दिवस? आणि दुसऱ्या मांजराचं काय?

माऊमित्र:
जखम नाही हे फार बरं झालं. औषध बरोबर आहे. क्लॅमिडिया एका डोळ्यात सुरू होतो आणि काही दिवसांत दुसऱ्यात जातो. तो फक्त डोळ्यात नसतो, म्हणून नुसत्या मलमाने तात्पुरतं बरं वाटतं आणि पुन्हा उसळतं. आठवड्यात डोळा स्वच्छ दिसेल, तिथे औषध बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. नेहमीचा डोस किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या बोक्याला ३० च्या आसपास. चिठ्ठीतला आकडा यापेक्षा वेगळा वाटला तर डॉक्टरांनाच विचारा, स्वतः बदलू नका.

सगळ्यात महत्त्वाचं: डॉक्सीसायक्लिनची गोळी कोरडी देऊ नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकून राहते, तिथे जखम होते आणि नंतर नळी आकसते. मग घास खाली उतरत नाही. गोळीमागून सिरिंजने ५-६ मिली पाणी हळूहळू गालाच्या बाजूने द्या, किंवा लगेच खाऊ घाला. सिरप असेल तर जास्त सोपं. दुधासोबत देऊ नका, कॅल्शियममुळे औषध कमी शोषलं जातं.

दोन मांजरं वेगळी ठेवा, भांडी आणि अंथरूण वेगळं. दुसऱ्यालाही औषध द्यायचं का ते विचाराच, क्लॅमिडियात बहुधा घरातल्या सगळ्या मांजरांना एकदम देतात. माणसाला लागण क्वचित होते, तरी हात साबणाने धुवा.

रेशीमगाठ:
खाण्याकडे लक्ष द्या. नाक चोंदलं की वास येत नाही आणि मांजर तोंड लावत नाही. मासे किंवा चिकन कोमट करून द्या, वास सुटतो. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळवा, उपाशी मांजराच्या यकृतावर लवकर ताण येतो. अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल मात्र कधीच नाही, लहान तुकड्यानेही मांजर दगावतं.

तुसेमुळे संसर्ग होत नाही, पण चुरचुरल्यामुळे तो डोळा चोळत राहतो. मागाच्या बाजूची खिडकी बंद ठेवा किंवा ओला पडदा लावा, झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसा. घरात विड्या वळत असाल तर तंबाखूची भुकटी असलेल्या खोलीत त्याला नको. उदबत्ती आणि डासांची कॉइलही महिनाभर बंद.

कोर्स संपून तो ठणठणीत झाला की लस घ्या. या वयात ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. नेहमीच्या तिहेरी लशीत हर्पिस, कॅलिसी (सर्दीचा व्हायरस) आणि पॅनल्यूकोपेनिया (जुलाब-उलट्यांचा जीवघेणा व्हायरस) यांवर संरक्षण असतं, क्लॅमिडियावर नसतं. हर्पिसची लागण ती पूर्ण थांबवत नाही, पण आजार बराच सौम्य राहतो.