मदत हवी आहे: हरिपूरला मेलेले मासे, तपासणी कुठे होईल?

नमस्कार मंडळी. सांगलीजवळच्या हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ सकाळपासून मासे मरून काठाला लागलेत, आणि लोक ते खायला नेतायत! नुसतं पाणी तपासून भागत नाही. विष वाहून जातं, पण माशाच्या यकृतात, कल्ल्यांत साठलेलं सापडू शकतं. म्हणून काही ताजे मासे बर्फात ठेवलेत. कीटकनाशकांसाठी पाणी गडद काचेच्या बाटलीत भरलंय. जड धातूंसाठी मात्र प्लॅस्टिकच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालून नमुना टिकवतात, ते आम्ल सांगली-मिरजेत कुणाच्या कॉलेजात मिळेल का? विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजावा लागतो. मीटर घेऊन कुणी आजच येऊ शकेल? आणि माशांच्या अवयवांतली कीटकनाशकं तपासणारी प्रयोगशाळा माहीत असल्यास कृपया लगेच कळवा.