मदत हवी आहे: बेल्ट आणलेत, पण परांचीवर कुणी घालत नाही

अनगोळ_साइट:
बेळगावात अनगोळला तीन मजली इमारतीचं बाहेरचं प्लास्टर चालू आहे. परांची निलगिरीच्या बल्ल्यांची, सुंभानं बांधलेली. फुल बॉडी हार्नेस (खांदे, छाती, मांड्यांना बांधायचे सुरक्षा-पट्टे) आणून दिलेत, ते सिमेंटच्या खोलीत पडून आहेत. गवंडी म्हणतात, "साहेब, ह्यानं हात चालत नाही." दंड लावला तर सुपरवायझर दिसला की तेवढ्यापुरतं अडकवतात. गडी काही चंदगडकडचे, काही गोकाकचे, काही बिहारचे. धोका यांना दिसत कसा नाही?

लाइफलाइन:
दिसतो, तुमच्यापेक्षा जास्त दिसतो. आधी सांगा, हुक अडकवतात कुठे? बल्लीलाच ना? मग परांची बसली की माणूस तिच्यासकट खाली. गवंड्याला हे कळतं, म्हणूनच त्याला बेल्ट म्हणजे नुसतं ओझं वाटतं.

गच्चीवरच्या आरसीसी कॉलमला बुडाशी स्लिंगचा (मजबूत पट्ट्याचा) वेढा द्या. तिथून माणशी एक उभा दोर सोडा. तो 14 ते 16 मिमीचा, पण रोप ग्रॅबवर (दोरावर सरकणारी, पडताना दोर पकडणारी कडी) जे माप लिहिलंय तेच घ्यायचं. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेवर दोर घासतो, तिथं जाड रबरी पाइप चिरून घाला. ग्रॅबचा बाण वर असला पाहिजे. उलटा बसवला तर तो दोर पकडतच नाही. रोज चढण्याआधी खाली हिसका देऊन बघा. पॅरापेटची वीट, ड्रेनेजचा पाइप, खिडकीचं ग्रिल यांना दोर बांधायचा नाही.

एक हिशोब बहुतेक साइटवर चुकतो. नुसता लॅनयार्ड (हार्नेसला जोडलेला आखूड दोर) पायाशी अडकवला तर त्याची लांबी 1.8 मीटर, शॉक अॅब्सॉर्बर (झटका शोषणारी शिवलेली पट्टी) उलगडून सुमारे 1.75, वर माणसाची उंची आणि मीटरभर मोकळी जागा, म्हणजे सहा मीटरच्या पुढे जातं. पहिला स्लॅब तीन मीटरवर. तिथून पडलेला हार्नेससकट जमिनीवर आपटणार. तेवढ्या उंचीला कठडाच हवा: मीटरभर उंच आडवी बल्ली, मध्ये एक, आणि खाली 15 सेंमीची फळी, म्हणजे थापी-घमेलं खालच्याच्या डोक्यावर जाणार नाही.

आणि दोरावर लटकलेल्याला काही मिनिटांत खाली घ्यावं लागतं, पायात रक्त साकळतं. शिडी कुठं आहे, कोण चढणार, हे सकाळीच ठरवा.

मोजमाप_वही:
काम स्क्वेअर फुटावर दिलंय का? मग हुक बदलायला जाणारा वेळ गड्याच्या खिशातून जातो. दोर बांधणं, तपासणं हे हजेरीवर धरा, दंडाचा उपयोग नाही. शिवाय वीस वर्षं विनाबेल्ट काम केलेल्या मेस्त्रीला भाषण देऊन काय होणार? सकाळी पाच मिनिटं त्यालाच विचारा, "आज कुठली फळी सरकंल?" तो दाखवतो आणि बाकीचे त्याचंच ऐकतात. कन्नड आणि हिंदीतही एकानं सांगावं, बिहारचे गडी नुसती मान डोलवतात.

खानापूरचा_पाऊस:
सुंभाकडे बघा. भिजला की आवळतो, ऊन पडलं की ढिला होतो. पावसाच्या उघडिपीनंतर प्रत्येक गाठ हातानं ओढून बघायची, कुजका सुंभ कापून टाकायचा. शक्य असेल तर लोखंडी पाइप-कपलर घ्या. उभ्या बल्लीखाली लाकडी पाट हवा; काळ्या मातीत ती रुतते. फळीचं टोक आधाराच्या पुढं फार काढू नका, त्यावर पाय पडला की फळी उलटते. परांची इमारतीला खिडक्यांतून जागोजाग बांधलेली आहे ना?

अनगोळ_साइट:
खिडक्यांतून नाही, नुसती टेकवलीय. रस्त्याच्या बाजूनं 11 केव्हीची तार आहे, परांचीपासून दोनेक मीटर.

लाइफलाइन:
मग उद्या त्या बाजूला कुणाला चढवू नका. हेस्कॉमला (वीज कंपनीला) लेखी अर्ज द्या, लाइन बंद करून मिळेल का किंवा हलवता येईल का विचारा. तोवर मागच्या बाजूचं प्लास्टर उरका. लोखंडी पाइपची परांची तिथं करायची नाही, आणि सळी 12 मीटरची असते, त्या बाजूनं उभी करून चढवायला गेलं की थेट तारेला. व्हायब्रेटर, मिक्सरच्या लाइनला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, तेही बघा.