‘रीअलाइनमेंट’ला मराठीत काय म्हणायचं? पुनर्रचना, फूट की पंगत

विचारणा (कॉर्व्हॅलिस, ऑरेगन)

नमस्कार. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच परिच्छेदात एका शब्दापाशी अडले आहे. शब्द आहे ‘रीअलाइनमेंट’.

आधी संदर्भ सांगते. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ ‘कॉन्फरन्स’ करून खेळतात. आसपासची दहा-बारा विद्यापीठं एकत्र येतात, आपसांत सामने ठरवतात, त्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकतात आणि आलेला पैसा वाटून घेतात. आमच्या पश्चिम किनाऱ्यावरची कॉन्फरन्स म्हणजे पॅक-ट्वेल्व्ह. तिचं मूळ 1915 सालचं. 30 जून 2022 ला लॉस एंजेलिसच्या यूएससी आणि यूसीएलए या दोन विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जात असल्याचं जाहीर केलं. पुढच्या जुलैत कोलोरॅडोनेही पॅक-ट्वेल्व्ह सोडत असल्याचं जाहीर केलं. 4 ऑगस्ट 2023 या एका दिवसात आणखी पाच गेले, आणि त्यात इथून 65 किलोमीटरवर असलेलं यूजीनचं ऑरेगन विद्यापीठही होतं. 1 सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि बर्कली. बारांतले दोन उरले: वॉशिंग्टन स्टेट आणि आमचं ऑरेगन स्टेट, जिथे माझी मुलगी शिकते. या सगळ्या जाण्या-येण्याला इथे ‘रीअलाइनमेंट’ म्हणतात.

कारण कुणी लपवलेलं नाही. बिग टेनने 2022 मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी 7 वर्षांसाठी 7 अब्ज डॉलरहून मोठा करार केला. पॅक-ट्वेल्व्हच्या हाती शेवटी ॲपलचा प्रस्ताव उरला होता, आणि वर्गणीदार किती मिळतील यावर त्यातली मिळकत ठरणार होती.

मी ‘पुनर्रचना’ असं लिहिलं आणि खोडलं. शेजारचे आजोबा कित्येक वर्षं हंगामाचं तिकीट काढून सामने बघतात. त्यांच्या गॅरेजात भिंतीला बारा विद्यापीठांच्या बारा तिकोनी पताका ओळीने लावलेल्या आहेत, अजूनही. त्यांना मी मराठी शब्दाचा अर्थ समजावून सांगत होते, ‘नव्याने मांडणी करणं’. ते म्हणाले, “मांडणी कुणी केली? कुणीच नाही. ते उठून गेले.” तेव्हापासून तो शब्द मला टोचतोय. सुचवा काहीतरी.

प्रतिसाद (पुणे)

ताई, खोडलंत ते बरं केलंत. ‘पुनर्रचना’ म्हटलं की आपल्याला 1956 ची राज्य पुनर्रचना आठवते. तिथे आयोग होता, कायदा होता, सगळा नकाशा एकत्र समोर ठेवून रेषा आखणारं कुणीतरी वर बसलेलं होतं. तुम्ही सांगता त्या गोष्टीत असं वर बसलेलं कुणीच नाही.

एके काळी थोडंफार होतं. कोणत्या संघाचे अमेरिकन फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवायची. दोन वर्षांत एका संघाचे जास्तीत जास्त सहा. त्याविरुद्ध ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी एनसीएएचा तो ताबा काढून घेतला. विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी न्या. बायरन व्हाइट हे स्वतः विद्यापीठाकडून फुटबॉल खेळलेले. त्या निकालानंतर ज्याने त्याने आपापले सामने विकायचे असं झालं आणि कॉन्फरन्स ही टीव्हीशी सौदा करणारी संस्था बनली. तुमच्या लेखाची सुरुवात खरं तर तिथून व्हायला हवी.

मूळ इंग्रजी शब्दही मला पटत नाही. आपण गाडी गॅरेजला नेतो, मेकॅनिक म्हणतो, ‘चाकं ओढतायत, अलाइनमेंट करून घ्या.’ म्हणजे काहीतरी वाकडं होतं, ते सरळ केलं. इथे वाकडं काय होतं? पासष्ट किलोमीटरवरचे दोन संघ दरवर्षी एकमेकांशी खेळत होते, ते?

मी ‘फूट’ म्हणेन. आपल्या वर्तमानपत्रांत पक्ष फुटतो, आमदार फुटतात. ऐकणाऱ्याला लगेच कळतं.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

‘फुटणे’ला माझं अनुमोदन, पण त्याचं जोडीदार क्रियापद विसरू नका: ‘फोडणे’. मराठीत ‘यूएससी फुटलं’ आणि ‘बिग टेनने यूएससीला फोडलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि लिहिणाऱ्याला त्यांतलं एक निवडावंच लागतं. इंग्रजीतलं ‘रीअलाइनमेंट’ हे नाम आहे. त्याला कर्ता लागत नाही. कुणी काय केलं हे न सांगता अख्खा लेख लिहून होतो. म्हणून माझं म्हणणं, नाम शोधत बसूच नका. क्रियापद वापरा आणि दर वेळी कर्ता लिहा.

आमचंच उदाहरण देतो. माझा मुलगा रटगर्स विद्यापीठात होता. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. 2014 मध्ये रटगर्स आणि मेरीलँड बिग टेनमध्ये आले. तेव्हा रटगर्सचा फुटबॉल संघ काही दबदबा असलेला नव्हता. मग का घेतलं? बिग टेनची स्वतःची वाहिनी 2007 मध्ये सुरू झाली होती. केबल कंपनी अशा वाहिनीला दर घरामागे दरमहा ठरावीक पैसे देते, आणि विद्यापीठ ज्या भागातलं, तिथे वाहिनी साध्या पॅकेजात बसवता येते आणि दरही जास्त मिळतो. रटगर्समुळे न्यूयॉर्कच्या आसपासची घरं मिळाली, मेरीलँडमुळे राजधानी वॉशिंग्टनची. त्या घरांत आमचंही एक. या घरात बायको, मी आणि आई, तिघांपैकी कुणीही कधी तो खेळ बघत नव्हतं, तरी आम्ही मोजले गेलो. टीव्हीवाले सामन्यांना ‘इन्व्हेंटरी’ म्हणतात, दुकानदार म्हणतो तसा ‘माल’. मला वाटतं त्या हिशोबात आम्हीही मालच होतो.

आता यूजीनचा संघ इथे खेळायला येतो. जवळपास 3,900 किलोमीटर. फुटबॉलवाल्यांचा प्रवास हंगामात मोजून काही वेळा, तेही बहुतेक शनिवारी. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉलच्या मुली आठवड्याच्या मधल्या वारीही येतात आणि परत जाऊन परीक्षेला बसतात. सौदा फुटबॉलचा, पाय त्यांचे दुखतात.

विचारणारी

‘फुटणे-फोडणे’ घेते, अगदी हाच धागा मला हवा होता. आता खुद्द ‘कॉन्फरन्स’चं काय करू? ‘परिषद’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल सगळे भाषणं द्यायला जमलेत.

प्रतिसाद (पुणे)

गंमत अशी की सुरुवातीला ते तसेच जमले होते! जानेवारी 1895 मध्ये शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात सात विद्यापीठांचे प्रमुख भेटले. बोलावणं पर्ड्यूच्या अध्यक्षांचं होतं. फुटबॉलमधला धसमुसळेपणा आणि पैसे घेऊन खेळणारे उपरे खेळाडू यांना आवर घालायला नियम करायचे, हा विषय. पुढच्या वर्षी त्यातून जी संस्था उभी राहिली तिचं औपचारिक नाव ‘प्राध्यापक प्रतिनिधींची आंतरमहाविद्यालयीन परिषद’ अशा अर्थाचं होतं. तीच आजची बिग टेन. म्हणजे 1896 पुरता ‘परिषद’ हा शब्द बिनचूक आहे. आजच्या संस्थेला तो शोभत नाही.

प्रतिसाद (कराड)

मी दस्तलेखक आहे. खेळातलं फार कळत नाही, पण वाचता वाचता आमच्याच कामाचं काहीतरी चाललंय असं वाटलं. शेजारी, वडिलोपार्जित, एकत्र मिळकत, वाटे, मग कोर्ट. याला आमच्याकडे ‘भावकी’ म्हणतात.

एक विचारतो. हे लोक एकत्र राहावेत म्हणून कागद काही केलेला असतो का?

विचारणारी

काका, असतो. ‘ग्रँट ऑफ राइट्स’ म्हणतात. प्रत्येक विद्यापीठ आपल्या घरच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्क कॉन्फरन्सला लिहून देतं. नंतर विद्यापीठ निघून गेलं तरी हक्क मागेच राहतात, म्हणजे नव्या ठिकाणी ते रिकाम्या हाताने जाणार. मी ‘हक्कसोडपत्र’ लिहिणार होते.

प्रतिसाद (कराड)

नका लिहू. हक्कसोडपत्र बहीण भावांच्या नावे करून देते. एकदा नोंदलं की तो हक्क सुटला, वर्षं मोजत बसायचं नाही. पंचवीस वर्षांत किती बहिणींचे अंगठे आणि सह्या मी त्या कागदावर बघितल्यात. त्यातली एकही मिळकत मुदत भरली म्हणून परत आलेली नाही. तुमच्या कागदाला मुदत आहे का ते बघा. मुदत असेल तर तो ‘भाडेपट्टा’. मालकी ज्याची त्याची, वहिवाट दुसऱ्याची, आणि पट्टा संपला की जमीन मोकळी.

विचारणारी

मुदत आहे! अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सची 2036 पर्यंत. म्हणूनच तिच्यातल्याच फ्लोरिडा स्टेटने डिसेंबर 2023 मध्ये आणि क्लेमसनने मार्च 2024 मध्ये तिच्याविरुद्ध दावे लावले. मार्च 2025 मध्ये तडजोड झाली. टेक्सास आणि ओक्लाहोमा यांनी बिग ट्वेल्व्ह या आणखी एका कॉन्फरन्समधून एक वर्ष आधी सुटायला दोघांत मिळून 10 कोटी डॉलर मोजले. आणि आमच्या पॅक-ट्वेल्व्हचा पट्टा 2024 च्या उन्हाळ्यात संपत होता, म्हणूनच दहा जणांना एकाच वेळी मोकळं होता आलं. काका, ‘पट्टा’ या एका शब्दाने माझं पान भरून स्पष्टीकरण वाचलं.

‘भावकी’ मात्र घेता येईल असं वाटत नाही. भावकीत माणूस जन्मतो, ती सोडता येत नाही. आजोबांना ती भावकी वाटत होती, तिथेच त्यांचं दुखतंय.

प्रतिसाद (रत्नागिरी)

तुमच्या आजोबांनीच शब्द दिलाय की. ‘उठून गेले.’ माणूस पंगतीतून उठून जातो.

पंगतीत शेजारी कोण बसलंय याला महत्त्व असतं आणि सगळ्यांच्या पानात सारखं पडलं पाहिजे, हाही नियम असतो. एकाला तूप जास्त वाढलं तर त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे: पंक्तिप्रपंच. तुमच्या त्या कॉन्फरन्सांत पैसे सारखे वाटतात का?

विचारणारी

पंक्तिप्रपंच! कित्ती वर्षांनी ऐकला हा शब्द. आजी म्हणायची.

मावशी, पूर्वी बहुतेक सारखेच वाटत. बिग टेनमध्ये यूएससी आणि यूसीएलए पूर्ण वाट्यावर गेले, ऑरेगन आणि वॉशिंग्टन मात्र सुरुवातीला साधारण अर्ध्या वाट्यावर. स्टॅनफर्ड आणि बर्कली पॅसिफिकच्या काठावरून अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये गेले, पहिली 7 वर्षं सुमारे 30 टक्के वाट्यावर. डॅलसचं एसएमयू त्याच कॉन्फरन्समध्ये आलं ते 9 वर्षं टीव्हीचा वाटा न घेता. रिकामं पान समोर ठेवून बसायला तयार, पण पंगतीत जागा हवी.

आणि एक. यूसीएलए आणि बर्कली एकाच राज्य विद्यापीठाच्या दोन शाखा. एक गेल्याने दुसऱ्याचं नुकसान झालं, म्हणून नियामक मंडळाने यूसीएलएने बर्कलीला वर्षाला 1 कोटी डॉलर द्यावेत असं ठरवलं. बर्कलीचं लाडकं नाव ‘कॅल’, त्यावरून लोकांनी याला ‘ॲलिमनी’च्या चालीवर ‘कॅलिमनी’ म्हटलं. मी सरळ ‘पोटगी’ लिहिते.

प्रतिसाद (मुंबई)

‘पंगत’बद्दल एक सांगायचं आहे. माझ्या आजोबांना गावच्या पंगतीत बसू दिलं नव्हतं. वेगळं, लांब, सगळे उठल्यावर. हा शब्द वाचला की मला आधी ते दिसतं, वाढप नंतर. शब्द वापरू नका असं मी म्हणत नाही. पण कोण बसलं याच्याइतकंच कोणाला बोलावलंच नाही, हेही त्या शब्दात आहे, आणि ते लेखात यायला हवं.

विचारणारी

तुम्ही लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. तुमचं बरोबर आहे, आणि लेख नेमका त्या उरलेल्या दोघांबद्दलच आहे. इथल्या मुलींचा बास्केटबॉल संघ मार्च 2024 मध्ये देशातल्या शेवटच्या आठांत पोचला होता. त्यानंतर त्यातल्या कितीतरी जणी दुसऱ्या विद्यापीठांत गेल्या, कारण पुढच्या वर्षी आपण कोणात खेळणार हेच धड नव्हतं. संघ चांगला होता. बाजारात त्याचा भाव नव्हता. ‘पंगत’ मी कॉन्फरन्सचा प्रतिशब्द म्हणून घेणार नाही. आजोबांच्या वाक्यापाशी एकदाच येईल, आणि तिथे तुम्ही म्हणता ते लिहीन. एरवी ‘कॉन्फरन्स’च. ‘पंक्तिप्रपंच’ असमान वाट्यासाठी ठेवू का?

प्रतिसाद (मुंबई)

ठेवा. तो शब्द अन्यायाचं नाव घेऊनच येतो.

प्रतिसाद (पुणे)

खेळाडूंना काय म्हणताय? ‘विद्यार्थी-खेळाडू’ लिहिणार असाल तर थांबा. ‘स्टुडंट-ॲथलीट’ हा शब्द एनसीएएने 1950 च्या दशकात मुद्दाम घडवला. वॉल्टर बायर्स या त्यांच्या तेव्हाच्या प्रमुखांनी पुढे स्वतः तसं सांगितलं. कोलोरॅडोतल्या एका महाविद्यालयाचा रे डेनिसन हा खेळाडू 1955 मध्ये सामन्यात डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने कामगाराला मिळते तशी भरपाई मागितली आणि ती नाकारली गेली. खेळाडू हा कामगार नाही, हे शब्दातच बसवायचं होतं. 2025 च्या जूनमध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर आता विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. नुसतं ‘खेळाडू’ लिहा.

विचारणारी

‘खेळाडू’ लिहिते. सर्वांच्या शब्दांतून जमलेला परिच्छेद खाली देते, खटकलं तर सांगा:

“ऑरेगन आणि ऑरेगन स्टेट 1894 पासून एकमेकांशी फुटबॉल खेळत आले. नोव्हेंबरच्या शेवटी, थंडी-पावसात, हंगामाचा शेवट या सामन्याने व्हायचा. 2023 मध्ये ऑरेगन फुटलं. 2024 चा सामना 14 सप्टेंबरला, उन्हात, हंगामाच्या तोंडाशी झाला, कारण नोव्हेंबरातले शनिवार आता बिग टेनचे. पट्टा संपला होता; नवा पट्टा ज्याने लिहून घेतला, वहिवाट त्याची.”

एक शेवटची शंका. ‘बिग टेनने फोडला’ की ‘फोडलं’? आणि बिग टेन स्वतः तो, ती की ते?

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

विद्यापीठ नपुंसकलिंगी, म्हणून ‘विद्यापीठ फोडलं’, पण ‘संघ फोडला’. कॉन्फरन्स आपण स्त्रीलिंगी बोलतो, तेव्हा ‘बिग टेन आली’, ‘पॅक-ट्वेल्व्ह संपली’. फक्त ‘संपली’ लिहू नका. 2026 पासून बॉयझी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेझ्नो स्टेट वगैरे मंडळी तिच्यात येतायत. ‘उरली’ लिहा.