मराठी आडनावं नीट सॉर्ट होत नाहीयेत, अर्जंट मदत हवी आहे

चाळकरी_गिरगाव: लोकहो, गणपतीच्या वर्गणीची यादी आज रात्री छापायला द्यायचीय आणि सॉर्ट काही नीट लागत नाहीये. काणे, काळे, कावळे, काशीद, कासार असं येतंय, काळे कासारांच्या नंतर पाहिजेत ना? क्षीरसागर काकू खऱ्यांच्या आधी घुसल्यात आणि ॲड. सावंत पार तळाला, हळदणकरांच्याही खाली. लवकर सांगा प्लीज.

मेगाब्लॉक: कुठल्या भाषेत?

चाळकरी_गिरगाव: मराठीत, वर लिहिलंय की.

मेगाब्लॉक: अरे देवा. कोड कशात लिहिलायस??

चाळकरी_गिरगाव: ओह. जावास्क्रिप्ट. साधं सॉर्ट मारलंय.

तिसरा_मजला: खोली नंबरप्रमाणे लावा की, आमच्याकडे तसंच असतं, कोणाची कटकट नाही. वर्गणी किती ठेवलीत यंदा?

मेगाब्लॉक: साधं सॉर्ट युनिकोडचे, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेले, नंबर बघतं, तिथे ळ हा ल च्या पाठोपाठ आहे, आणि क्ष ला स्वतःचा नंबरच नाही, तो क, हलंत, ष असा तीन तुकड्यांत असतो म्हणून क मध्येच अडकतो. ॲ तर 2008 ला आला, त्याला ह च्या बऱ्याच पुढची जागा मिळाली. लोकेलकंपेअर वापर, ते फंक्शन त्या त्या भाषेच्या क्रमाने तुलना करतं, आणि लोकेल म्हणजे भाषेचा कोड 'एमआर' (मराठी) दे, त्यात ह नंतर ळ, क्ष, ज्ञ असा आपला शाळेतला क्रम आहे.

ऱ्हस्वदीर्घ: क्ष हे जोडाक्षर आहे, क मध्येच हवं. काकू योग्य जागी आहेत.

मेगाब्लॉक: 2009 चा शासन निर्णय बघा, वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटीच आहेत.

ऱ्हस्वदीर्घ: त्यातही 'विशेष संयुक्त व्यंजने' म्हटलंय हो!

क्वेरीवाला: हे डेटाबेसमध्येच करायचं असतं. पोस्टग्रेस 10 पासून आयसीयू या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, मिळतात.

चाळकरी_गिरगाव: डेटाबेस नाहीये, साधी फाइल आहे. मेगाब्लॉक, क्रोममध्ये बरोबर आलं! पण सर्व्हरवर पीडीएफ बनते तिथे काळे परत जुन्याच जागी.

मेगाब्लॉक: सर्व्हर आहे हे आत्ता सांगतोयस? तिथे जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं व्हर्जन कितवं?

चाळकरी_गिरगाव: 12

मेगाब्लॉक: हां मग. 13 च्या आधी नोडच्या बिल्डमध्ये फक्त इंग्रजीचा डेटा यायचा, 'एमआर' दिलं तरी एरर न देता गुपचूप दुसराच क्रम लावतं. अपडेट कर.

चाळकरी_गिरगाव: झालं!! फक्त ॲड. सावंत आता उडी मारून पहिल्या पानावर.

मेगाब्लॉक: ॲड. आडनावाला चिकटवलंसच कशाला, वेगळा कॉलम कर.

तिसरा_मजला: वर्गणी किती ते सांगितलंच नाहीत.