प्रतिसाद: ३० की ६०, हाताला कळतं

व्हिडिओ गेममध्ये सेकंदाला ३० फ्रेम (म्हणजे चित्रं) आणि ६० फ्रेम यांतला फरक सामान्य खेळाडूला कळत नाही, हे इथे मांडलेलं मत अजिबात पटलं नाही. ३० ला एक फ्रेम सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते, ६० ला साधारण १७. आकडा माहीत नसला तरी कॅमेरा गर्रकन फिरवला की कळतंच, कंट्रोलरची स्टिक आधी हलते आणि चित्र मागून येतं. २०२४ मध्ये सोनीचा गेम कन्सोल पीएस५ प्रो (प्लेस्टेशन ५ प्रो) दाखवताना त्याचे मुख्य आर्किटेक्ट मार्क सर्नी यांनीच सांगितलं होतं, की निवड करायची वेळ आली की सुमारे तीन चतुर्थांश वेळा खेळाडू परफॉर्मन्स मोडच (चित्र थोडं कमी सुबक, पण फ्रेम जास्त) घेतात. १२० फ्रेमची गोष्ट वेगळी. त्याला टीव्हीही तसाच लागतो.

कंट्रोलरमधल्या करामती म्हणजे नुसती जाहिरात, हे दुसरं मत मात्र अर्धंच खरं. 'रॅचेट अँड क्लँक: रिफ्ट अपार्ट' या गेममध्ये ड्युअलसेन्सचा (पीएस५च्या कंट्रोलरचा) ट्रिगर अर्धा दाबला की बंदुकीच्या एकाच नळीतून गोळी सुटते, पूर्ण दाबला की दोन्हींतून. मधला अडथळा बोटाला स्पष्ट लागतो. असा वापर झाला तर हवाच! उगाच कडक केलेला ट्रिगर ऑनलाइन गोळीबाराचे गेम खेळणारे सेटिंगमध्ये जाऊन बंद करतात, ते योग्यच आहे.

माझं विचाराल तर ड्रिफ्ट (हात न लावता स्टिक आपोआप सरकल्यासारखं होणं) टाळणाऱ्या, चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्ट स्टिक कंपनीनेच बसवून द्याव्यात. त्यासाठी जास्त पैसे मोजायची माझी आनंदाने तयारी आहे.