मदत हवी आहे : स्प्लॅश झांज ८ इंची घ्यावी की १० इंची?
वडसा परिसरातील झाडीपट्टी नाटकांना मी ड्रमची साथ करतो. विनोदी पात्राच्या प्रवेशाला सध्या १६ इंची क्रॅश (ड्रमसेटची मोठी झांज) वाजवतो, मात्र तिचा नाद इतका लांबतो की पुढचा संवाद त्यात बुडतो आणि प्रेक्षकांचे हसायचे राहून जाते (नट मग माझ्याकडे बघतो!). स्प्लॅश लहान व पातळ असल्याने चटकन उमटून लगेच विरते, म्हणून ती घेण्याचा विचार आहे. ८ इंचीचा आवाज अधिक टोकदार, तर १० इंचीचा किंचित भरदार असतो. परंतु मंडपात, ऑर्गनच्या सुरांवरून, कोणती स्पष्ट ऐकू येईल? शिवाय २० टक्के कथील असलेल्या काशाच्या झांजेऐवजी स्वस्त पितळी घेतल्यास ती डब्यासारखी वाजेल का? अनुभवी वादकांनी कृपया मार्गदर्शन करावे.